वाचनानंतरचा भाव

आषाढ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी आमच्या विहाराच्या कपाटातून सतरंज्या बाहेर निघतात. वर्षभर घडी घालून ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना उंदराचा, कापराचा आणि ओलीचा मिळून एक वास येतो. यंदाही सतरंज्या निघाल्या, बायकांनी त्या पत्र्याच्या छपराखाली दोरीवर टाकल्या, आणि मी सायकल लावता लावता तो वास घेतला. मागच्या वर्षीपर्यंत त्या वासानं मला बरं वाटायचं. यंदा मी आत न जाता सायकल परत फिरवली.

वर्षावासाचे तीन महिने आमच्याकडे, सिंदी मेघेतल्या आमच्या वस्तीत, रोज संध्याकाळी सहा ते सात धम्मग्रंथाचं वाचन होतं. गेली बारा वर्षं वाचणारा मी आहे. माझा आवाज गोड नाही, पण मी स्वल्पविरामावर थांबतो आणि ओळ गाळत नाही, म्हणून लोकांनी मला बसवलं. आधी त्रिशरण, पंचशील, मग वाचन, मग दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसणं, आणि मग गप्पा. बाहेर काळ्या मातीचा चिखल चपलांना धरून दारापर्यंत आलेला असतो. ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे असतात. कुणीतरी भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून आणलेल्या असतात. शेंगांचं पाणी हातावर ओघळतं आणि सतरंजीवर डाग पडतो. त्या गप्पांमध्ये मागच्या वर्षी एक आकडा आला. तो मीच आणला.

माझं काम आधी सांगायला हवं, कारण चूक त्या कामातूनच आली. सेलूजवळ बियाण्याच्या एका लहान कंपनीचं चाचणी-शेत आहे. तिथं मी एकोणीस वर्षं नोंदी ठेवतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं. मग कपाशीच्या ओळीत शिरायचं आणि खुणेच्या झाडांवरच्या पात्या म्हणजे कळ्या, फुलं, पुढे बोंडं मोजायची. ओळींना वाणाचं नाव नसतं, क्रमांक असतो. कुठला वाण कंपनीचा लाडका आहे हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. मी नवा होतो तेव्हा एकदा साहेबांना म्हणालो, चौदा नंबरची ओळ चांगली दिसते. साहेब म्हणाले, "तुले चांगली का वाईट कोनी विचारलं? पात्या किती?" तेव्हापासून मी आकडा सांगतो आणि गप्प बसतो. रस्त्यानं जाणारे शेतकरी विचारतात, किती पडला? मी म्हणतो, बावीस मिलिमीटर. उद्या येईल का? ते मी सांगत नाही. या सवयीचा मला अभिमान होता.

मला त्या आकड्याचा नाद लावला माझ्या मेहुण्यानं. मिलिंद जाम गावाच्या चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हायवेचे ट्रक थांबतात, ड्रायव्हरांचे फुटलेले स्क्रीन हा बदलतो. दीड वर्षापूर्वी आमच्या घरी जेवायला आला होता. सुनंदानं, माझ्या बायकोनं, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली होती. जेवता जेवता त्यानं क्रिप्टोचा विषय काढला.

"भाऊजी, दुकान वाढवाले बँकेत कर्ज मागाले गेलतो. साहेबानं फॉर्म नाई पाह्यला, आडनाव पाह्यलं. मंग म्हने, जामीनदार आना. यात आडनावाचा कारभारच नाई."

"कसा नाही? खातं उघडताना कागदपत्रं मागतात. आधार मागतात, पॅन मागतात. त्यावर आडनाव असतंच."

"असते न. पन ते माणूस नाई वाचत, मशीन वाचते. मशीनले काय करायचं आपल्या आडनावाशी?"

मी त्याला पुष्कळ मुद्दे सांगितले, पण हे एक वाक्य मला पटलं. आजही पटतं. ज्यांना हे आकर्षण नुसत्या हावेचं वाटतं, त्यांनी आयुष्यात कधी खिडकीसमोर उभं राहून आपलं आडनाव वाचणाऱ्याच्या भुवया पाहिलेल्या नसाव्यात. क्रिप्टोचं हे दुकान रविवारी बंद नसतं. शंभर रुपयांचं घेणाऱ्यालाही तोच भाव, कोटीच्या माणसालाही तोच. मध्ये अडत्या नाही. ‘उद्या या’ नाही. आमच्या माणसांना हे किती गोड लागत असेल, याचा अंदाज मला होता, कारण मलाही ते गोड लागलं.

पण मी माहिती घेतल्याशिवाय बोलत नाही. वीस हजार रुपये वेगळे काढले. ते गेले तरी घरात कुणाच्या ताटातलं कमी होणार नाही, असे. मिलिंदच्या सांगण्यावरून एक कॉइन घेतलं, चाळीस रुपयाला एक, असे पाचशे. कॉइनचं नाव इथं लिहीत नाही. नाव सांगणं हीसुद्धा एक शिफारसच असते, हे मला उशिरा कळलं. मग पर्जन्यमापकाच्या वहीसारखी एक वही केली. तारीख, सकाळचा भाव, संध्याकाळचा भाव. तीन महिने नुसतं लिहिलं.

लिहिता लिहिता एक प्रश्न पडायचा. पाऊस ढगातून येतो. बोंड फुलातून येतं, फूल पातीतून, पाती झाडातून. हा आकडा कशातून येतो? पुष्कळ वाचलं. गणितं, संगणक, साखळ्या, सगळं समजून घेतलं. शेवटी माझ्यापुरतं उत्तर असं निघालं की हा आकडा दुसऱ्या कुणाच्या तरी हवेपणातून येतो. मला जे हवं आहे ते उद्या आणखी कुणाला तरी जास्त हवं असेल, एवढाच त्याचा आधार. सोन्याचंही थोडंफार तसंच आहे, हे मला मान्य आहे. पण सोन्याची वाटी गहाण ठेवता येते, मुलीच्या गळ्यात घालता येते. हवेपणा कुठं ठेवणार? आणि तृष्णेविषयीचं प्रकरण तर मी दरवर्षी मोठ्यानं वाचतो.

एवढं कळूनही मी वही बंद केली नाही.

मागच्या वर्षावासाच्या पहिल्याच आठवड्यात, वाचन झाल्यावर, कुणीतरी मिलिंदच्या दुकानाचा विषय काढला. तो म्हणे मोबाईलवर पैसे दुप्पट करतो. मला राहवलं नाही. दुप्पट वगैरे शब्द मला सहन होत नाहीत. मी म्हणालो, "खरं काय ते सांगतो. आणि आधी हे सांगतो की माझे स्वतःचे यात वीस हजार आहेत. पाचशे कॉइन. तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं ऐका." मग सांगितलं, हे खाली जाऊ शकतं, अर्धं होऊ शकतं, शून्यही होऊ शकतं, कुणी हमी देत नाही, सरकारही नाही, नफा झाला तर त्यावर तीस टक्के कर आहे. आणि आजचा भाव अठ्ठावन्न आहे.

लोकांनी त्यातलं काय ऐकलं? अठ्ठावन्न ऐकलं. माझे चाळीसचे अठ्ठावन्न झाले, हे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वाचन संपलं आणि सुखदेव बाबांनी विचारलं, "भाऊ, आज किती?" सुखदेव बाबा ऐंशीच्या घरातले. गिरणीत होते. मी म्हणालो, एकोणसाठ. तिसऱ्या दिवशी साठ. मग रोजचंच झालं. डोळे उघडले, मोबाईल उघडला, भाव सांगितला. सुखदेव बाबा हसायचे. "आमच्या वक्ती आकडा लावला का पोलीस धरून नेत होते. आता मोबाईलवर आला तं कोनी धरत नाई. उलट आपला वाचक सांगते!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्यांच्या हसण्यात किती बरोबर बोलणं होतं, ते मला दिसलं नाही. ज्या आसनावरून मी ग्रंथ वाचत होतो, त्याच आसनावर बसून, त्याच आवाजात, स्वल्पविरामावर थांबून मी भाव सांगत होतो.

शोभाताई दुसऱ्या ओळीत बसतात, खांबाला टेकून. अंगणवाडीत चौतीस वर्षं सेविका होत्या. वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातून अक्षर शिकली, माझी मुलगीही. निवृत्तीचे एकरकमी लाख मिळाले, आणि त्याआधी त्यांनी पोस्टात एक लाख चाळीस हजार साठवले होते. नवरा लवकर गेला. तेव्हापासून त्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहतात. भाऊ चांगला आहे. पण खोली भावाची आहे. त्यांना स्वतःची जागा हवी होती. वस्तीच्या टोकाला, कालव्याच्या बाजूला, सहाशे फुटांचा एक प्लॉट त्यांनी बघून ठेवला होता. किंमत चार लाख ऐंशी हजार. अर्धे त्यांच्याजवळ होते.

जवळ काहीच नसेल तर माणूस स्वप्न बघून झोपतो, सगळं असेल तर प्लॉट घेतो. अर्धं असणं फार वाईट. अर्धं असलेला माणूस उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहतो. मी पुष्कळांना विचारलं आहे, यात पैसे का टाकले. श्रीमंत व्हायचं म्हणून टाकले, असं एकानंही सांगितलं नाही. प्रत्येकाचं काहीतरी थोडं कमी पडत होतं.

एका संध्याकाळी चपला घालताना त्यांनी विचारलं, "भाऊ, मीबी थोडे टाकू म्हनते. तुमाले काय वाटते?"

"मला काय वाटतं ते सोडा, ताई. धोका आहे. जेवढे बुडाले तर चालतील तेवढेच टाकायचे असतात."

"बुडाले तर चालतील असे पैसे माह्याकडं हायेतच कुठं?" त्या हसल्या. "तुमी ठेवलेच हायेत ना अजून?"

"हो. पाचशे."

"बस. तुमी काढसान तवा मले सांगजा."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार का, हे मी नंतर स्वतःशी फार घोळवलं. पण त्या वेळी ती होकारार्थीच हलली होती. तीन दिवसांनी मिलिंदच्या दुकानात जाऊन त्यांनी सगळेच टाकले. दोन लाख चाळीस हजार. साठच्या भावानं चार हजार कॉइन. थोडे म्हणाल्या होत्या. मला कळलं तेव्हा त्यांच्याकडे जावंसं वाटलं. पण मी विचार केला, मोठ्या बाई आहेत, मी धोका सांगितला होता, शब्द न् शब्द सांगितला होता.

श्रावण महिना मागच्या वर्षी ओलाचिंब होता. पांढरी वस्त्रं वाळत नव्हती. सुनंदा माझा पांढरा सदरा इस्त्रीनं वाळवून द्यायची, तो अंगावर गरम आणि ओला असा एकदमच लागायचा. छपरावर पाऊस इतका वाजायचा की मला ओळ दोनदा वाचावी लागायची. आणि भाव चढत होता. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. एक्क्याऐंशी. विहारात गर्दी वाढली होती. समितीचे लोक खूष होते, यंदा वाचनाला लोक टिकून बसतात म्हणून. वाचन चालू असताना मला मागच्या ओळींतली चुळबुळ कळायची. लोक सातची वाट बघत होते.

ऐंशीला विकायचं, असं मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. दुप्पट झाले की बाहेर. ऐंशी झाले आणि मी विकलं नाही. पंचाऐंशी झाले, नव्वद झाले. मग श्रावण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेतात एक गोष्ट घडली. पात्या मोजताना मी मध्ये मध्ये खिशातून मोबाईल काढून बघत होतो. दुपारी शेडमध्ये वही जुळवायला बसलो, तर एकवीस नंबरच्या ओळीचे आकडे बावीसच्या रकान्यात आणि बावीसच्या ओळीत मी गेलोच नव्हतो. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिथंच डबा बाजूला ठेवून मी पाचशेच्या पाचशे विकून टाकले. ब्याण्णव. सेहेचाळीस हजार झाले. सव्वीस हजार नफा, कर आणि उपकर जाऊन हातात नफ्याचे सतरा हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. कराची पावती माझ्याकडे आहे. मग चिखलातून परत बावीस नंबरच्या ओळीत गेलो आणि पात्या मोजल्या. फार हलकं वाटलं.

त्या संध्याकाळी वाचन झाल्यावर सुखदेव बाबांनी विचारलं, "आज किती?"

मी म्हणालो, "त्र्याण्णव."

एवढंच म्हणालो.

घरी सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बरं केलं. विहारात सांगतलं का?"

"तिथं भाव विचारतात. मी विकले का, असं कुणी विचारलं नाही."

"शोभाताईनं सांगून ठेवलं होतं ना तुमाले?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमेचा कार्यक्रम होता, खीरदान होतं, गर्दी होती. राहून गेलं. तिसऱ्या दिवशी भाव सत्त्याण्णव झाला, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर लोक मला हसतील, किंवा वाईट म्हणजे माझं ऐकून विकतील आणि उद्या शंभरावर गेला तर मला बोल लावतील. मग मनात तो जुना नियम आला. नोंद करणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. मी विकले, हे सांगणं म्हणजे मत देणं. किती सोयीचा नियम होता तो! सुरुवातीला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पाचशे आहेत म्हणून. तेव्हा तो नियम मला आठवला नव्हता.

मग भाव उतरला. दोन दिवसांत एकाहत्तर. भादव्यात पन्नास. अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपला त्या दिवशी, अडतीस. रोज विचारत होते, रोज सांगत होतो. आवाज तोच. हळूहळू विचारणारे कमी झाले. हिवाळ्यात, कापसाच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या तेव्हा, तेवीस.

कुणी फसवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. अॅप पळून गेलं नाही, पैसे अडकले नाहीत, कुणी खोटा फोन केला नाही. दाराला कुलूप नव्हतं. कुणालाही कुठल्याही मिनिटाला बाहेर पडता आलं असतं. फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा सुटल्यासारखं वाटतं, की आपण तेवढे भोळे नाही. इथं सगळं सरळ होतं. म्हणूनच कुणाकडे बोट दाखवता येईना.

आणि मी रोज पंचशील म्हणत होतो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे चौथं शील. मी ते मोडलं का? वर्षभर मी हा प्रश्न कपाशीच्या ओळींतून नेला-आणला आहे. मी सांगितलेला प्रत्येक आकडा खरा होता. वही आहे, कुणीही तपासावी. पण खरे आकडे सांगत सांगत माणूस दुसऱ्याला खोट्या समजुतीत बसवून ठेवू शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मला एक आधार मात्र होता, आणि तोही आकड्यांचाच. मी हिशेब मांडला होता. समजा, ब्याण्णवला शोभाताईंना सांगितलं असतं. चार हजार गुणिले ब्याण्णव, तीन लाख अडुसष्ट हजार. त्यातून कर वजा जाता तीन लाख अठ्ठावीस हजार चौसष्ट. प्लॉट चार लाख ऐंशीचा. म्हणजे तरीही कमीच पडले असते. चार लाख ऐंशी व्हायला भाव एकशेवीस लागत होता, त्या त्याची वाट बघत होत्या, ब्याण्णवला त्यांनी विकलेच नसते. तेव्हा माझ्या न सांगण्यानं त्यांचा प्लॉट गेला, असं गणितानं ठरत नाही. हा कागद मी पाकिटात ठेवला होता. हिवाळाभर आणि उन्हाळाभर तो माझ्या पाकिटात होता.

यंदा पहिल्या संध्याकाळी मी विहारात गेलो. सतरंज्या पसरलेल्या होत्या. शोभाताई खांबाजवळ बसल्या होत्या. थोड्या वाळल्यासारख्या दिसल्या. मी आसनावर बसत होतो तेव्हा त्या पुढं झुकून हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचे पाचशे हायेत ना अजून? मी तं तुमच्या भरवशानंच ठेवून हाव. म्हनलं, वाचक भाऊनं नाई काढले, तं आपन काऊन काढाचे."

वर्षभर! तेवीसवरून भाव थोडा वर आला होता, एकतीसला. दोन लाख चाळीस हजारांचे एक लाख चोवीस हजार होऊन पडले होते, आणि त्या त्यांच्यावर बसून होत्या, कारण मी बसलेलो आहे असं त्यांना वाटत होतं. मी काही म्हणणार तेवढ्यात कुणीतरी त्रिशरण सुरू केलं. मी हात जोडले. त्या दिवशी वाचताना मी एक ओळ गाळली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. त्या मागच्या खोलीच्या पायरीवर कोचईची, म्हणजे अळूची, पानं पुसत बसल्या होत्या. खोलीत एक लोखंडी पलंग, कपाट, आणि भिंतीवर पोरांनी कधीतरी काढून दिलेली आंब्याची, मोराची चित्रं. मी उभ्यानंच सांगितलं. मी विकले. मागच्या वर्षीच विकले.

त्यांनी पान बाजूला ठेवलं. "कोनत्या दिवशी?"

"श्रावण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. ब्याण्णवला."

"त्या दिवशी सांजच्याले तुमी विहारात होते?"

"होतो. भाव सांगितला. विकल्याचं नाही सांगितलं."

मग मी पाकिटातून तो कागद काढला. आज मला त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. मी त्यांना हिशेब समजावायला लागलो, की बघा ताई, ब्याण्णवला काढले असते तरी कर जाऊन तीन लाख अठ्ठावीसच हाती आले असते, प्लॉटला पुरले नसते.

"पुरले असते, भाऊ," त्या म्हणाल्या. "प्लॉटवाला तीन लाखावर रजिस्ट्री करून द्याले तयार होता. बाकीचे हप्त्यानं म्हने, बाई तुमी माह्या पोरीले शिकवलं. राखीच्या आठोड्यातच बोलला होता."

"मला माहीत नव्हतं."

"तुमी विचारलं कवा?"

खरंच, कधी विचारलं? त्यांच्या कॉइनचा आकडा मला पाठ होता. त्यांच्या प्लॉटवाल्याशी काय बोलणं झालं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी कागद घडी करून परत खिशात ठेवला. आत भावाच्या घरात कुकरची शिट्टी झाली. प्लॉटवर आता दुसऱ्याचं घर झालं आहे, स्लॅबपर्यंत आलं आहे. मी रोज सेलूला जाताना त्यावरून जातो.

"मी काय करू, ताई? माझ्याकडचे नफ्याचे सतरा हजार तुम्ही..."

"ठेवा थे!" पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मले पैसे नोका दाखवू. घरी येऊन माह्या कानात सांगून देल्लं, तुमचं वझं उतरलं. बाकीचे बसून हायेत त्याईचं काय?" मग पुन्हा पान हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिथी सांगा. जिथी भाव सांगत होते तिथी."

मी घरी आलो. दुपारभर पाऊस होता. मी वही काढली आणि कुणाकुणाचे पैसे आहेत ते लिहिलं. माझ्या माहितीप्रमाणे वस्तीतले सात जण. सगळ्यांनी वर्षभरात काढले असतील, अशी मी समजूत करून घेतली होती. काय म्हणायचं तेही कागदावर लिहिलं. मग कागद फाडला. वाचून दाखवलं असतं तर तेही वाचनच झालं असतं.

संध्याकाळी वाचन झालं. दोन मिनिटं शांत बसलो. डोळे उघडले. सुखदेव बाबा सवयीनं म्हणाले, "हं, वाचक, आज किती? मेला का जिता हाये तुमचा आकडा?"

दोघं-चौघं हसले. मी म्हणालो, "आजचा भाव सांगत नाही. मागच्या वर्षी एक गोष्ट सांगायची टाळली, ती सांगतो." आणि सांगितलं. पाचशे विकले, ब्याण्णवला, श्रावण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी. त्यानंतर वर्षावास संपेपर्यंत रोज इथं बसून भाव सांगितला आणि हे सांगितलं नाही. शोभाताईंनी मला सांगून ठेवलं होतं, तरी त्यांनाही नाही. ज्यांनी माझ्याकडे बघून ठेवले आहेत, त्यांनी माझ्याकडे बघू नये. माझ्याकडे काहीच नाही.

सुखदेव बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शोभाताई खांबाला टेकून समोर बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"अजून कुणाचे आहेत?" मी विचारलं.

शोभाताईंनी हात वर केला. त्यांच्यामागे एक हात आला, मग आणखी दोन. मी मोजायला लागलो, सवयच ती. सातावर थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. अकरा झाले. अकरावा हात अगदी मागे, दाराशी, चपलांजवळ बसलेल्या वच्छलाबाईंचा होता. त्या विहार झाडतात, मला पाणी आणून देतात. त्यांचं नाव माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.

"तुम्ही पण, वच्छलाबाई?"

"चार हजार टाकले होते, भाऊ. पोट्टीच्या बाळंतपनाचे. तुमच्या मेव्हन्याच्या दुकानात." त्या अर्धवट उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला. "मंग आता म्या काय करू? काढू का ठेवू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मोबाईल खिशात होता. आकडा बघून सांगायला अर्धं मिनिट लागलं नसतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "वर जाईल का खाली जाईल, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं."

वच्छलाबाईंनी खाली वाकून समोरच्या रिकाम्या सतरंजीचं टोक धरलं आणि ती गुंडाळायला लागल्या.

"हे तवाच सांगाचं होतं न, भाऊ," त्या म्हणाल्या.